मदत हवी आहे: पतसंस्थेत पूर्ण अंध लिपिक रुजू होतोय, कामाची तयारी कशी करावी?

कृष्णाकाठ:
आमच्या पतसंस्थेत पुढच्या महिन्यात एक पूर्ण अंध तरुण लिपिक म्हणून रुजू होतोय. बी.कॉम. झालेला आहे, एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर) सफाईने वापरतो. थकबाकीच्या याद्या, नोटिसा आणि सभासदांचा पत्रव्यवहार हे काम त्याच्याकडे द्यायचं आहे. अडचण अशी की जुन्या सगळ्या फाइली कृतीदेव आणि श्रीलिपी या जुन्या मराठी फॉन्टमध्ये आहेत. एनव्हीडीए त्या वाचायला लागला की नुसती असंबद्ध इंग्रजी अक्षरं ऐकू येतात. काही संचालक म्हणतात, त्याला फोनवर बसवा. मला ते पटत नाही. हिशेब शिकलेल्या माणसाला हिशेबाचं काम मिळायला हवं. काय काय बदलावं लागेल?

रफार:
एनव्हीडीएचा यात दोष नाही, फाइलींचा आहे. कृतीदेवमध्ये 'मराठी' हा शब्द ई-जे-के-बी-एच अशा पाच इंग्रजी अक्षरांनी साठवलेला असतो. फॉन्ट फक्त त्यांना देवनागरी आकार देतो. स्क्रीन रीडर आकार बघत नाही, साठवलेली अक्षरं वाचतो. म्हणून सगळं युनिकोडमध्ये, म्हणजे जिथे मराठी अक्षर मराठी म्हणूनच साठवलं जातं त्या पद्धतीत, आणणं हाच उपाय.

आधी मूळ फाइलींची प्रत बाजूला ठेवा. कृतीदेव आणि श्रीलिपी यांची मांडणी वेगळी आहे, त्यामुळे दोन्हींना एकच कन्व्हर्टर चालत नाही. एक्सेलची अख्खी शीट एकदम बदलू नका, नाहीतर इंग्रजीतले खातेक्रमांक आणि पॅन यांचीही 'मराठी' होऊन बसेल. फक्त त्या फॉन्टचे रकाने निवडा. बदलल्यावर ऱ्हस्व वेलांटी, रफार आणि जोडाक्षरं तपासा. कृतीदेवमध्ये वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये नंतर. चुका नेमक्या तिथेच होतात. 'कर्ज', 'वार्षिक', 'निश्चित' हे शब्द नीट आले का बघा. सगळा इतिहास उपसायची गरज नाही. चालू वर्षाच्या याद्या आणि नोटिशीचे नमुने आधी घ्या.

नवीन टंकलेखनासाठी विंडोजमधलाच मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड (युनिकोड मराठीसाठी कळांची मांडणी) सुरू करा. एफ आणि जे या कळांवर बोटाला लागणारे उंचवटे असतात. इनस्क्रिप्टमध्ये एफवर ऱ्हस्व वेलांटी आणि जेवर र येतो, त्यामुळे न बघता टाइप करणाऱ्याला तो पटकन बसतो. बाकीच्या कर्मचाऱ्यांनीही युनिकोडच वापरायचं, अशी लेखी सूचना काढा. एकाने जरी जुन्या फॉन्टमध्ये यादी पाठवली तरी नव्या लिपिकाचं काम अडतं.

पाटी_पेन्सिल:
एक्सेलबद्दल. मर्ज केलेले सेल आणि शोभेसाठी सोडलेल्या रिकाम्या ओळी काढून टाका. थकीत खाती लाल रंगात दाखवत असाल तर त्याला ते कळणार नाही. 'स्थिती' असा वेगळा रकाना करून त्यात 'थकीत' असं लिहा. शीर्षकांच्या ओळीतल्या पहिल्या सेलवर इन्सर्ट-शिफ्ट-सी दाबलं की पुढे प्रत्येक सेलला रकान्याचं नाव आपोआप ऐकू येतं.

स्कॅन केलेली पत्रं म्हणजे नुसती चित्रं. ती ३०० डीपीआयला स्कॅन करून टेसरॅक्ट या सॉफ्टवेअरच्या मराठी ओसीआरमधून (चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर बनवणारी सोय) काढा. मजकूर बऱ्यापैकी येतो, पण १ आणि ९ यांची गल्लत होऊ शकते. रक्कम असेल तिथे डोळस सहकाऱ्याने पडताळायलाच हवं.

बँकिंग सॉफ्टवेअरची कसोटी सोपी आहे. माउस काढून ठेवा, एनव्हीडीए लावा आणि पाच व्यवहार पूर्ण करून बघा. नुसतं 'बटण, बटण' ऐकू येत असेल तर बटणांना नावं दिलेली नाहीत. विक्रेत्याला त्या पडद्यांची यादी लेखी पाठवा. 'सोयीचं करून द्या' एवढंच म्हटलं तर काही होत नाही.

कृष्णाकाठ:
खूप उपयोगी माहिती, धन्यवाद. सॉफ्टवेअर मुख्य कार्यालयाच्या सर्व्हरवर आहे, आम्ही ते रिमोट डेस्कटॉपने, म्हणजे त्या सर्व्हरचा पडदा आमच्या संगणकावर आणून, उघडतो. त्यात एनव्हीडीए गप्पच बसतो. आणि रोख काउंटरवर बसवता येईल का? कायद्याने आम्हाला काय बंधनकारक आहे?

उंबरठा:
रिमोट डेस्कटॉपमधून स्क्रीन रीडरला फक्त चित्र मिळतं. सर्व्हरवरही एनव्हीडीए बसवावा लागेल. २०२५.१ आवृत्तीपासून रिमोट ॲक्सेस (एका संगणकावरचा एनव्हीडीए दुसऱ्याला जोडायची सोय) एनव्हीडीएमध्येच आहे, पण तो दोन्हीकडे चालू हवा. सर्व्हर सांभाळणाऱ्याची परवानगी आधीच घ्या, सगळ्यात जास्त वेळ तिथेच जातो.

रोखीचं त्यालाच विचारा. नव्या नोटांत १००, २०० आणि ५०० ची लांबी १४२, १४६ आणि १५० मिमी आहे. फरक फक्त चार-चार मिमीचा. रिझर्व्ह बँकेचं 'मणी' ॲप नोट किती रुपयांची ते सांगतं, खरी की खोटी हे सांगत नाही. माझ्या मते त्याला वसुली आणि पत्रव्यवहारच द्या.

दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये खासगी आस्थापनेच्या व्याख्येत सहकारी संस्थाही आहे. कलम २१ प्रमाणे समान संधी धोरण तयार करून प्रसिद्ध करावं लागतं आणि त्याची प्रत राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे नोंदवावी लागते. महाराष्ट्रात हे कार्यालय पुण्यात आहे. २० किंवा जास्त कर्मचारी असतील तर धोरणात योग्य पदांची यादी, प्रशिक्षण, बढती, सुविधा आणि संपर्क अधिकारी हे सगळं हवं. संपर्क अधिकारी नेमताना नावापुरता नको, ज्याच्याकडे खर्च मंजूर करायचा अधिकार आहे असा माणूस नेमा.

पगारपत्रक करणाऱ्याला सांगा, अंधत्वाचं प्रमाणपत्र घेतल्यावर त्याचा व्यवसाय कर कापायचा नाही. एका कानाचा हेडफोन द्या, म्हणजे दुसरा कान समोरच्या सभासदासाठी मोकळा राहतो. दारं पूर्ण उघडी किंवा पूर्ण बंद ठेवा, अर्धवट उघड्या दाराची कड थेट कपाळावर बसते. टेबलं हलवलीत तर त्याला आधी सांगा.