मुंबईच्या महापौरांचा इतिहास पाचवी-सहावीच्या मुलांना कसा सांगावा?

पेठेतील_शिक्षिका

नमस्कार. मी पुण्यातील एका मराठी शाळेत पाचवी-सहावीच्या वर्गांना शिकवते. स्थानिक शासन संस्थांचा भाग शिकवून झाल्यावर मुलांनी भित्तिपत्रकासाठी ‘आपल्या राजधानीचे महापौर’ हा विषय स्वतःहून निवडला. महापौरांची यादी सहज मिळाली, परंतु ती केवळ नावे आणि सालांची असल्यामुळे दहा मिनिटांत मुलांचा उत्साह मावळला. त्यांचे खरे प्रश्न वेगळेच आहेत. महापौर मोठे की आयुक्त? महापौर शहराचे प्रथम नागरिक असतील, तर रस्ता दुरुस्त करण्याचा हुकूम ते का देऊ शकत नाहीत? ‘कायद्यात तसे आहे’ एवढे उत्तर देऊन मुलांची बोळवण करणे मला योग्य वाटत नाही. हे असे का झाले, ते दहा-अकरा वर्षांच्या मुलाला समजेल अशा पद्धतीने कोणी सांगू शकेल का?

निवृत्त_नगरसचिव_कार्यालय

ताई, मुलांनी नेमक्या जागी बोट ठेवले आहे. माझी अनेक वर्षे महापालिकेच्या सभांची कार्यपत्रिका आणि इतिवृत्ते तयार करण्यात गेली, त्यामुळे हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे. सुरुवात पहिल्या महापौरांपासून करू नका, आर्थर क्रॉफर्ड यांच्यापासून करा.

1865 साली मुंबईसाठी नवा कायदा झाला आणि क्रॉफर्ड हे शहराचे पहिले म्युनिसिपल कमिशनर, म्हणजे आयुक्त झाले. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला होता आणि त्या चार वर्षांत मुंबईच्या कापूस व्यापाऱ्यांकडे अमाप पैसा आला होता. 1865 मध्ये युद्ध संपले, कापसाचे भाव कोसळले आणि मोठमोठ्या पेढ्या बुडाल्या. शहराची अशी ओढाताण चालू असताना क्रॉफर्ड यांनी रस्ते, गटारे आणि स्वच्छता यांवर सढळ हाताने खर्च केला आणि मोठी मंडईही उभारली. कामे आवश्यक होती यात शंका नाही, परंतु हा पैसा करदात्यांचा होता आणि त्या करदात्यांनी निवडून दिलेला एकही माणूस हिशेब विचारण्यासाठी सभेत नव्हता. सभेत बसत ते सरकारने नेमलेले ‘जस्टिस ऑफ द पीस’, म्हणजे शहरातील मानद दंडाधिकारी. 1871 साली करदात्यांचा असंतोष उघडपणे बाहेर पडला.

मुलांनी येथे थोडे थांबावे, कारण यापुढचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. त्या वेळी सव्वीस वर्षांचे असलेले वकील फिरोजशाह मेहता यांनी प्रवाहाविरुद्ध भूमिका घेतली. सगळा दोष एकट्या क्रॉफर्ड यांच्या माथी मारून उपयोग नाही, कारभार चालवण्यासाठी समर्थ आयुक्त हवाच, मात्र त्याला जाब विचारणारी सभा लोकांनी निवडलेली असली पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. 1872 च्या कायद्याने 64 सदस्यांची महापालिका स्थापन झाली आणि त्यांपैकी निम्मे, म्हणजे 32 सदस्य करदात्यांनी निवडलेले होते. मतदानाचा हक्क मात्र ठरावीक कर भरणाऱ्या थोड्याच लोकांना होता, हेही मुलांना अवश्य सांगावे. पुढे 1888 साली जो कायदा झाला, तोच अनेक दुरुस्त्यांसह मुंबईला आजही लागू आहे.

मुलांच्या प्रश्नाचे उत्तर या घटनाक्रमात आहे. कामाचा हुकूम आयुक्त देतात आणि त्यांची नेमणूक राज्य सरकार करते. पैसे मंजूर करणे आणि प्रश्न विचारणे हे सभेचे काम असते आणि त्या सभेचे अध्यक्षस्थान महापौरांकडे असते. गृहनिर्माण संस्थेच्या सभेचा अध्यक्ष आणि पगारी व्यवस्थापक यांचे उदाहरण दिल्यास मुलांना फरक पटकन कळेल, फक्त येथे व्यवस्थापक बाहेरून नेमून आलेला असतो, एवढे सांगून ठेवा.

औंधकर_इतिहासप्रेमी

वरील प्रतिसाद उत्तम आहे, परंतु या वयाच्या मुलांना संस्थेच्या आधी माणसे आवडतात, असे मला वाटते. म्हणून काही व्यक्ती सुचवतो.

सभेच्या प्रमुखांना पूर्वी अध्यक्ष म्हणत. फिरोजशाह मेहता स्वतः 1884 साली या पदावर आले आणि पुढेही पुन्हा निवडले गेले. 1931 मध्ये या पदाला ‘मेयर’ हे नाव मिळाले आणि जे. बी. बोमन बेहराम हे मुंबईचे पहिले महापौर ठरले. 1935 साली महापौर झालेले के. एफ. नरिमन यांनी त्याआधी बॅकबे येथील समुद्र बुजवण्याच्या योजनेतील गैरकारभार निर्भयपणे चव्हाट्यावर आणला होता. नरिमन पॉइंट हे नाव मुलांनी ऐकलेले असते, पण ते कोणाचे हे बहुधा कोणी सांगितलेले नसते.

माझ्या दृष्टीने मात्र भित्तिपत्रकाच्या मध्यभागी युसुफ मेहेरअली असावेत. 1942 साली ते मुंबईचे महापौर म्हणून निवडले गेले, तेव्हा ते तुरुंगात होते आणि त्यांचे वय चाळिशीच्या आत होते. ‘सायमन परत जा’ ही घोषणा त्यांची आणि ‘भारत छोडो’ हे शब्दही त्यांनीच सुचवले, असे मानले जाते. ब्रिटिश सरकारने ज्याला कोठडीत टाकले, त्याच माणसाला शहराच्या प्रतिनिधींनी सभागृहातील सर्वांत मानाची खुर्ची दिली! महापौरांना हुकूम देण्याचा अधिकार नसला, तरी त्या खुर्चीवर कोणाला बसवायचे या निवडीतून शहर किती स्पष्ट बोलू शकते, हे मुलांना याहून चांगल्या प्रकारे सांगता येणार नाही.

त्यानंतर 1956 साली महापौर झालेल्या सुलोचना मोदी यांना जागा द्यावी. त्या मुंबईच्या पहिल्या महिला महापौर. मनोहर जोशी 1976 मध्ये महापौर होते, 1995 मध्ये मुख्यमंत्री आणि 2002 मध्ये लोकसभेचे अध्यक्ष झाले. सभा चालवण्याचे काम माणसाला कुठवर नेऊ शकते, याचे हे एक उदाहरण आहे.

पेठेतील_शिक्षिका

दोघांचेही मनापासून आभार. क्रॉफर्ड यांच्यापासून सुरुवात करण्याचे मी निश्चित केले आहे आणि मेहेरअली मध्यभागीच राहतील. यादीत बराच काळ दर वर्षी नवे नाव दिसते, त्याचे कारण मुले नक्की विचारतील. शिवाय आपल्या पुण्याचे काय, हाही प्रश्न येणारच.

निवृत्त_नगरसचिव_कार्यालय

पूर्वी महापौरपदाची मुदत एक वर्षाचीच होती, आता ती अडीच वर्षांची आहे. महापौरांना नागरिक थेट निवडत नाहीत. नागरिक नगरसेवक निवडतात, मुंबईत असे 227 आहेत, आणि ते आपल्यापैकी एकाला महापौर करतात. पद कोणत्या प्रवर्गासाठी किंवा महिलांसाठी राखीव राहील, हे सोडत काढून ठरते. महापौरांना प्रत्यक्ष कारभाराचे अधिकार देणारी ‘मेयर-इन-कौन्सिल’ पद्धत 1998 च्या सुमारास मुंबईत आणली गेली होती, परंतु ती थोड्याच काळात मागे घेण्यात आली. आयुक्तांचे पारडे जड का, असे ज्या मुलांनी विचारले, त्यांना हा प्रयोग जरूर सांगा.

पुण्याची नगरपालिका जुनी असून महात्मा फुले तिचे सदस्य होते. महापालिका 1950 साली झाली आणि बाबूराव सणस पहिले महापौर झाले. सारसबागेजवळचे सणस मैदान मुलांच्या माहितीचे आहे.

यादीतील एका रिकाम्या जागेविषयीही मुलांशी बोलावे. मार्च 2022 मध्ये मुंबई आणि पुणे या दोन्ही महापालिकांची मुदत संपली, निवडणुका लांबल्या आणि तीन वर्षांहून अधिक काळ महापौर, नगरसेवक आणि सभा यांपैकी काहीही नव्हते. सगळा कारभार प्रशासकांकडे होता. त्या काळात हिशेब कोणी विचारायचा, हा प्रश्न 1871 च्या करदात्यांनी विचारलेल्या प्रश्नापासून फार दूर नाही आणि मुले तो स्वतःहून जोडतील, असा मला विश्वास वाटतो.

बोरीबंदर_ते_पुणे

सहल मुंबईला जाणार असेल, तर बोरीबंदर (आजचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस) स्थानकासमोर महापालिकेची 1893 साली पूर्ण झालेली इमारत बाहेरून दाखवावी. ती आणि समोरचे स्थानक हे दोन्ही एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स या एकाच वास्तुरचनाकाराचे काम आहे. इमारतीपुढे फिरोजशाह मेहता यांचा पुतळा आहे आणि महापालिकेच्या बोधचिन्हावर ‘यतो धर्मस्ततो जयः’ हे वचन आहे. तेथून पायी जाण्याच्या अंतरावर क्रॉफर्ड यांची ती मंडई आहे. प्रवेशद्वारावरील शेतकऱ्यांची दगडी शिल्पे लॉकवुड किपलिंग यांनी घडवलेली आहेत, ती मान वर करून पाहावी लागतात. या मंडईचे आजचे अधिकृत नाव महात्मा जोतिबा फुले मंडई आहे, म्हणजे पुण्याच्या आणि मुंबईच्या जुन्या मंडईला एकाच नगरपालिका सदस्याचे नाव दिलेले आहे. सकाळी अकराच्या आत पोहोचलात, तर मालाच्या हातगाड्यांमधून मुलांना नेणे अवघड जाईल, म्हणून मंडई शेवटी ठेवावी.