मदत हवी आहे: रेसिंग गेममधलं स्टिअरिंग काही केल्या खरं वाटत नाही

मंडळी नमस्कार, हौस म्हणून एक छोटा रेसिंग गेम बनवतोय, युनिटीमध्ये (गेम बनवायचं सॉफ्टवेअर), एकटाच. ट्रॅक झाला, इंजिनाचा आवाज झाला, लॅप टायमर झाला, दिसायलाही बरा दिसतोय, पण स्टिअरिंगला जीव म्हणून नाही. चारही चाकांना व्हील कोलायडर (युनिटीतला चाक आणि टायरचं फिजिक्स करणारा भाग) लावलेत, पुढची चाकं जास्तीत जास्त ३५ अंश वळतात. हळू चालवताना सगळं छान, यू टर्न वगैरे मस्त बसतो, पण ऐंशी-शंभरच्या वर गेलं की कीबोर्डवरचा बाण नुसता टेकवला तरी नाक झपकन आत जातं आणि लगेच पुढचे टायर घसरून गाडी सरळ सुटते.

मग इंटरनेटवर सगळे सांगतात तसं वेग वाढेल तसा स्टिअरिंगचा कोन कमी करणारा कर्व्ह टाकला. त्याने ते झपकन जाणं थांबलं पण गाडी मुर्दाड झाली. २०० ला बरं वाटेल असं सेट केलं तर ९० च्या वळणात गाडी ऐकतच नाही, आणि सगळ्यात वैताग म्हणजे मागची बाजू सुटली की उलटं स्टिअरिंग मारून सावरताच येत नाही कारण त्या वेगाला मीच ६ अंशांवर लिमिट घालून ठेवलंय.

दुसरं दुखणं स्टिअरिंग व्हीलचं. माझ्याकडे ९०० अंश फिरणारं गिअरवालं (मोटरचा जोर गिअरमधून देणारं) व्हील आहे. फोर्स फीडबॅक (व्हीलमधल्या मोटरने हाताला जाणवणारा जोर) म्हणून चाक मध्यावर खेचणारा फोर्स दिलाय, वेग जास्त तर खेच जास्त. मित्राने दोन लॅप मारून सांगितलं की हे स्टिअरिंग नाही, दाराला लावलेलं स्प्रिंग आहे. पटलं. पण मग नक्की काय पाठवायचं व्हीलला? पुढचे टायर सुटायला लागले हे हाताला कळावं एवढीच अपेक्षा आहे. ज्यांनी गाडीचं फिजिक्स लिहिलंय त्यांनी प्लीज सांगा.

प्रतिसाद: निवांत_लॅप
एवढे भारी सिम तयार असताना कशाला डोकेफोड? असेटो कोर्सा टाका आणि खेळा की.

धागाकर्ता
खेळतो हो, म्हणून तर माझं बघवत नाही :)

प्रतिसाद: उलटा_गिअर
३५ अंशातच मेख आहे. कागदावर हिशोब करा. व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) २.६ मीटर धरला आणि चाकं ३० अंश वळवली तर गाडी साधारण साडेचार मीटर त्रिज्येच्या वर्तुळात फिरायला बघणार. १०० च्या वेगाला, म्हणजे सेकंदाला २७.८ मीटरला, त्या वर्तुळात राहायचं तर सतरा जीच्या (जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाएवढं त्वरण) वर लागतं. रस्त्यावरचा चांगला टायर जेमतेम एक जी देतो. एक जीमध्ये १०० ला बसणारं लहानात लहान वर्तुळ ७९ मीटर त्रिज्येचं, आणि नुसत्या भूमितीने बघितलं तर त्याला दोन अंशसुद्धा लागत नाहीत, २०० ला तर अर्धा अंशच. त्यात पुढच्या टायरचा स्लिप (चाकाचं तोंड आणि टायर खरोखर जातो ती दिशा यांतला कोन) मागच्यापेक्षा जेवढा जास्त तेवढी भर पडते, बस. म्हणजे तुमचा बाण चाकांना ज्या कोनात नेऊन ठेवतो तिथे टायर पकडीच्या पीकच्या कधीच पलीकडे गेलेला असतो, सरळ सुटणार नाहीतर काय होणार.

पण वेगाप्रमाणे लिमिट घालणं हा उपाय अर्धवट आहे, त्याचा त्रास तुम्ही स्वतःच लिहिलाय. त्यापेक्षा इनपुटचा अर्थच बदला. बाण पूर्ण दाबला म्हणजे ३५ अंश असं नाही, पूर्ण दाबला म्हणजे पुढच्या टायरला त्याचा पीक स्लिप अँगल, रस्त्याच्या टायरला ढोबळ ६ ते १० अंश, जो तुमच्या कर्व्हमध्ये असेल तो. आधी पुढचा अ‍ॅक्सल खरोखर कुठल्या दिशेला चाललाय ते काढा: गाडीच्या लोकल फ्रेममधला बाजूचा वेग, त्यात यॉ रेट (गाडी स्वतःभोवती फिरण्याचा वेग) गुणिले सेंटर ऑफ मासपासून अ‍ॅक्सलपर्यंतचं अंतर मिळवा, भागिले पुढे जाण्याचा वेग, आणि त्याचा आर्कटॅन. त्या दिशेत इनपुट गुणिले पीक स्लिप मिळवा, झाला चाकाचा कोन. ३५ चं लिमिट असू दे, ते मेकॅनिकल लिमिट म्हणून राहील.

याचा खरा फायदा मागचं सुटल्यावर दिसतो. गाडी आडवी व्हायला लागली की ती दिशा आपोआप उलट्या बाजूला सरकते, म्हणजे बाण सोडला तरी चाकं गाडी जिकडे चाललीय तिकडे वळतात. खऱ्या गाडीत स्टिअरिंग सैल सोडलं तर कॅस्टरमुळे (चाक ज्या अक्षाभोवती वळतं तो मागे कललेला असतो, त्यामुळे) जवळपास हेच होतं. फक्त पूर्ण शंभर टक्के देऊ नका, नाहीतर गेम स्वतःच गाडी चालवतो आणि खेळणारा नुसता बघत बसतो. मी साठ-सत्तर टक्क्यांवर ठेवतो. आणि हे सगळं कीबोर्ड आणि गेमपॅडसाठी. व्हीलवाल्याला कुठलीही मदत नको, तिथे सरळ रेशो लावा: ९०० अंशांचं व्हील म्हणजे एका बाजूला ४५०, १५:१ धरलं तर चाकाला ३० अंश, विषय संपला.

अजून एक, व्हील कोलायडरमध्ये पुढच्या दिशेचं आणि बाजूच्या दिशेचं फ्रिक्शन वेगवेगळ्या कर्व्हमध्ये भरायचं असतं. ब्रेक दाबून वळताना पकड दोघांत वाटली जातेय का हे स्वतः तपासून बघा. ब्रेक पूर्ण दाबलेला असूनही गाडी तेवढीच वळत असेल तर स्टिअरिंग कितीही ट्यून करा, खोटंच वाटणार. अ‍ॅकरमनच्या (वळताना आतलं चाक बाहेरच्यापेक्षा जास्त वळवणं) मागे आत्ता लागू नका, तो पार्किंगच्या वेगाला दिसतो.

प्रतिसाद: हाताला_कळतं
फोर्स फीडबॅकचं मी सांगतो. स्प्रिंग आधी काढून टाका. खऱ्या गाडीत चाक मध्यावर येतं ते टायरमुळे येतं. टायरचा रस्त्याला टेकलेला भाग असतो ना, वळताना त्याच्या मागच्या अर्ध्यात जास्त ताण असतो, त्यामुळे बाजूचा फोर्स चाकाच्या मध्यापासून थोडा मागे लागतो. ते अंतर म्हणजे न्यूमॅटिक ट्रेल. फोर्स गुणिले हे अंतर एवढा टॉर्क (पिळणारा जोर) चाकाला सरळ करायला बघतो, कॅस्टरमुळे मिळणारा मेकॅनिकल ट्रेल त्यात आणखी मिळवायचा.

आता गंमत बघा. स्लिप वाढला की तो भाग मागच्या टोकाकडून घसरायला लागतो, फोर्सचा मध्य पुढे येतो, ट्रेल कमी होत जातो. म्हणून टायरची पकड अजून वाढत असतानाच हा टॉर्क पीक मारून खाली यायला लागतो. स्टिअरिंग जड होत होत अचानक हलकं पडतं, आणि त्यानंतर टायर सुटतो. तुम्हाला हवी ती बातमी हीच. फार थाटाचं मॉडेल नको, ट्रेल शून्य स्लिपला तीनेक सेंटिमीटर आणि पीक स्लिपपर्यंत जवळपास शून्य एवढं केलंत तरी पहिल्याच वळणात फरक जाणवेल. ज्याला खोलात जायचंय त्याने पसेका मॉडेल बघावं, मॅजिक फॉर्म्युला म्हणतात ते, त्यात अलाइनिंग टॉर्कचं वेगळं समीकरण आहे.

दोन्ही पुढच्या चाकांचा टॉर्क मिळवा, स्टिअरिंग रेशोने भागा, मग तुमच्या व्हीलला झेपेल असा स्केल करा. गिअरवाली व्हील २ न्यूटन-मीटरच्या आसपासच देतात. स्केल जास्त ठेवला तर अर्ध्या वळणातच फोर्स छताला टेकतो आणि ते हलकं पडणं कापलं जातं. लोक फोर्स वाढवत बसतात आणि फील जातो तो इथे.

धागाकर्ता
दोघांचेही खूप आभार!! स्लिपवालं कीबोर्डला लावलं, ड्रिफ्ट सावरता येतोय, एवढा वेळ नुसता गोल गोल फिरत बसलो. ट्रेल पण टाकला, वळणात पुढचं सुटायच्या आधी स्टिअरिंग खरंच हातात हलकं पडतं, अंगावर काटा आला राव. पण दोन नवीन भानगडी झाल्या. गाडी उभी असताना व्हील थरथरतं, आणि सरळ रस्त्यावर हात सोडला की चाक डावी-उजवी डावी-उजवी करत ते वाढतच जातं.

प्रतिसाद: हाताला_कळतं
उभ्या गाडीत स्लिप अँगल काढताना जवळजवळ शून्याने भागाकार होतो, आकडा वेडावाकडा उडतो. स्लिप एकदम बदलू देऊ नका, टायर अर्धा-एक मीटर पुढे गेल्यावरच तो पूर्ण बदलेल असं करा, याला रिलॅक्सेशन लेंग्थ म्हणतात. तेवढ्याने शांत होईल, शिवाय चालत्या गाडीतही टायर रबराचा वाटायला लागतो. डावी-उजवीचं कारण उशीर. युनिटीचं फिजिक्स डिफॉल्टला सेकंदाला ५० वेळा चालतं. तुम्हाला आवडतं त्या असेटो कोर्सात ३३३ वेळा. फिक्स्ड टाइमस्टेप (फिजिक्सच्या दोन हिशोबांमधला वेळ) कमी करा किंवा टायरचा हिशोब एका स्टेपमध्ये चार-पाच तुकड्यांत करा, आणि व्हील ज्या वेगाने फिरतंय त्याच्या उलट थोडं डँपिंग द्या. थोडंच, नाहीतर परत मुर्दाड.

प्रतिसाद: उलटा_गिअर
+१. आणि कॅमेरा गाडीला घट्ट बांधलेला असेल तर सोडवा. गाडी किती आडवी झालीय ते डोळ्याला दिसलंच नाही तर कीबोर्डवाल्याला कळणार कुठून, त्याच्या हातात तर फोर्सही नाही. कॅमेऱ्याला गाडीच्या नाकाऐवजी वेगाच्या दिशेकडे थोडं झुकू द्या.

धागाकर्ता
टाइमस्टेप ०.००५ सेकंद केला, डावी-उजवी पार बंद. कॅमेरा आज रात्री बघतो. कोणाकडे डायरेक्ट ड्राइव्ह (गिअर नाही, मोटर थेट जोडलेली) व्हील असेल तर सांगा, बिल्ड पाठवतो, माझ्या स्केलिंगवर तिथे किती जड लागतं ते बघायचंय. फक्त पहिल्यांदा फोर्स कमी ठेवून चालवा.