मदत हवी आहे: आर्थर गूल्ड आणि रग्बीची मराठी

नमस्कार मंडळी, वेल्समधल्या न्यूपोर्ट क्लबचा जुना रग्बी खेळाडू, सेंटर (मधल्या फळीतला) आर्थर गूल्ड याच्यावर मराठीत छोटं काहीतरी लिहितोय आणि पार अडकलोय.

माणूस भारी होता हो. १८८५ ला वेल्सकडून पहिली मॅच, शेवटची १८९७ ला, एकूण २७, त्यातल्या १८ कॅप्टन म्हणून. लहानपणी झाडांवर चढायचा म्हणून टोपणनाव ‘मंकी’!

१८९३ ला कार्डिफला इंग्लंडविरुद्धची मॅच, मैदान गोठलेलं, आदल्या रात्री कोळशाच्या शेगड्या पेटवून ते वितळवलं, आणि गूल्डने दोन ट्राय (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे जमिनीला टेकवणं) मारल्या. वेल्स १२, इंग्लंड ११. तेव्हा ट्रायला २, कन्व्हर्जनला (ट्रायनंतरच्या गोलकिकला) ३ आणि पेनल्टीला (फाउलबद्दल मिळालेल्या किकला) ३ पॉइंट. आजच्या हिशोबाने (ट्राय ५, कन्व्हर्जन २, पेनल्टी ३) मांडलं तर वेल्स २० आणि इंग्लंड २२, म्हणजे उलटंच झालं की! दोनदा बेरीज केली मी. तर हे वाचकाला कंटाळा न आणता कसं सांगू? आणि ‘ट्राय’ला मराठीत काही चालेल का, की ट्रायच ठेवू? ‘प्रयत्न’ लिहिलं तर लोक हसतील.

दुसरं म्हणजे लोकांनी वर्गणी काढून त्याला घर भेट दिलं, त्यावरून तो प्रोफेशनल झाला असा वाद पेटला (तेव्हा रग्बीत खेळाचा मोबदला घ्यायला बंदी होती) आणि वेल्स चक्क इंटरनॅशनल बोर्डातून, म्हणजे रग्बीचे नियम ठरवणाऱ्या मंडळातून, बाहेर पडलं. इथे ‘अमॅच्युअर’साठी ‘हौशी’ शब्द पुरेल का? मला तो नाटकवाल्यांचा वाटतो.

न्यूपोर्ट-कार्डिफकडचं कोणी असेल तर ‘गूल्ड’चा उच्चारही सांगा प्लीज.