ऑपरेशनात ऑक्सिजन ५० टक्केच का?

निपाणीचा_धाकटा:
नमस्कार मंडळी. बाबांच्या मोठ्या आतड्याचं ऑपरेशन बेळगावात ठरलंय, पुढच्या आठवड्यात. वय सत्तरीकडं, सगळा जन्म तंबाखूच्या वखारीत गेला, बिडी अजून सुटलेली नाही. काल भूल देणाऱ्या मॅडमना भेटलो. फॉर्म कन्नड आणि इंग्रजीत, बाबांना दोन्ही येत नाही, म्हणून मीच वाचून सांगितला. मॅडम म्हणाल्या, "सुरुवातीला पूर्ण ऑक्सिजन, मग पन्नास टक्क्यांवर ठेवू." घरी हे सांगितलं तर आईनं डोक्यालाच हात लावला. कोरोनात आमच्या गल्लीत ८५ आकडा आला म्हणून माणूस ॲम्ब्युलन्समध्ये घातला होता, आणि हे ५० म्हणतात! गडहिंग्लजचे मामा म्हणतात, ८० द्यायचा नियम आहे. आता कुणाचं खरं?

भूलताई_टिळकवाडी:
आईंना आधी हे सांगा: गल्लीतला ८५ रक्तातला होता, मॅडमचा ५० मशीनमधून जाणाऱ्या वायूतला आहे. आपण घेतो त्या हवेत ऑक्सिजन २१ टक्केच असतो, तरी धडधाकट माणसाच्या बोटावरची क्लिप ९७-९८ दाखवते. म्हणजे ५० हे हवेच्या दुपटीहून जास्त झालं की.

खरी गोम सुरुवातीच्या पूर्ण ऑक्सिजनमध्ये आहे. मास्क घट्ट धरून तीनेक मिनिटं श्वास घ्यायला लावतो, फुप्फुसातला नायट्रोजन निघून जातो आणि ऑक्सिजनचा साठा भरतो. भुलीचं औषध शिरेत गेलं की श्वास थांबतो. घशातून श्वासाची नळी बसेपर्यंत माणूस त्या साठ्यावर असतो. मास्क नीट लावला नसेल तर आकडा भराभर खाली येतो. म्हणून गुदमरल्यासारखं वाटलं तरी बाबांनी तो ढकलायचा नाही. दाढी असेल तर काढून घ्या, कडेनं गळतं.

मग शेवटपर्यंत १०० का नाही? नायट्रोजन रक्तात फारसा शिरत नाही, तो फुप्फुसातल्या बारीक पिशव्या उघड्या धरून ठेवतो. नुसता ऑक्सिजन भरला तर तो सगळा शोषला जातो आणि पिशवी मिटते. भुलीत उताणं झोपलेल्या माणसाची फुप्फुसं खालच्या बाजूला तशीही दबतात, त्यात ही भर कशाला? लागलाच तर बटण फिरवलं की १००. कुणी हात आखडता घेत नाही.

मामांचं अगदीच चूक नाही. जखमेत पू होऊ नये म्हणून जागतिक आरोग्य संघटनेनं २०१६ मध्ये नळी घातलेल्या रुग्णांना ८० टक्के द्या असं सांगितलं. भूलवाल्यांनी बरीच ओरड केली, आणि २०१८ मध्ये संघटनेनं त्या सल्ल्याचा जोर कमी केला. त्याआधीच २००९ मध्ये डेन्मार्कमधल्या अभ्यासात पोटाच्या ऑपरेशनच्या १४०० रुग्णांत ३० आणि ८० टक्क्यांची तुलना झाली होती. जखमेच्या संसर्गात फरक दिसला नाही. त्यामुळं थेटरात तीन डॉक्टर तर तीन सवयी. मी स्वतः ४० ते ५० ठेवते, गरजेप्रमाणं वाढवते.

खानापूरचा_पाहुणा:
मीही पोटाचं ऑपरेशन करून आलोय. फुप्फुसांच्या व्यायामाला प्लास्टिकच्या तीन गोळ्यांचं ते फुंकणं देतात ना, ते आत ओढायचं असतं, आम्ही दोन दिवस बाहेर फुंकत बसलो होतो! ऑपरेशनच्या आधीच घरी सराव करा. नंतर खोकताना पोटाला उशी दाबून धरायची.

निपाणीचा_धाकटा:
ताई, लई आभार. बाबांची क्लिप ९७ दाखवते, मग बिडीचं काही नाही ना?

भूलताई_टिळकवाडी:
तिथंच फसगत होते. धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तात ऑक्सिजनची जागा अडवतो, आणि साध्या क्लिपला तो ऑक्सिजनच वाटतो. आजपासून बंद करा. तो वायू एका दिवसात बराच उतरतो. कफ कमी व्हायला मात्र आठवडे लागतात. रोज किती ओढतात ते मॅडमना खरं सांगा.

निपाणीचा_धाकटा:
बंडल आईनं काढून घेतलंय. दाढीला मात्र तयार व्हायचे नाहीत ओ.

भूलताई_टिळकवाडी:
मग ते आधीच मॅडमच्या कानावर घाला, टेबलावर घेतल्यावर नको.