समोरच्या गाडीचा इन्शुरन्स संपलेला असेल तर
वर कुणीतरी म्हटलंय की समोरच्याचा इन्शुरन्स नसेल तर पैसे बुडाले समजा, तसं नाहीये हो. माझ्या चुलतभावाला टेम्पोने उडवलं, पायात रॉड बसवावा लागला, आणि एमपरिवहन या सरकारी अ‍ॅपवर गाडीचा नंबर टाकून बघतोय तर पॉलिसी चार महिन्यांपूर्वीच संपलेली. अशा वेळी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात मोटार वाहन कायद्याच्या कलम 166 खाली मालक आणि ड्रायव्हर दोघांवर क्लेम टाकायचा, शक्यतो सहा महिन्यांच्या आत. खरी मेख गाडीत आहे, पोलिसांनी जप्त केलेली विमा नसलेली गाडी सिक्युरिटी (भरपाईची हमी) घेतल्याशिवाय सोडू नये असे नियम करायला 2018 मध्ये सुप्रीम कोर्टाने राज्यांना सांगितलंय, म्हणून ती सुटायच्या आधीच वकिलाला हरकत घ्यायला लावा. एकदा सुटली की मालक फोनसुद्धा उचलत नाही (आमच्याकडे हेच झालं). ते मृत्यूला 2 लाखवालं हिट अँड रनचं (धडक देऊन पळालेल्या गाडीचं) सरकारी भरपाईचं वेगळं, ते गाडी सापडलीच नाही तर.