मदत हवी आहे: 'सिको' डॉक्युमेंटरीतलं आज काय बदललंय?

मंडळी, मायकेल मूरची २००७ची 'सिको' आमच्या अभ्यासगटाला दाखवायची आहे, नंतर चर्चा घ्यायचीये. अमेरिकेत विमा असूनही ज्यांना उपचार नाकारले गेले त्यांच्यावरच तिचा भर आहे आणि मला तोच भाग सगळ्यात अस्वस्थ करतो, हप्ते भरूनही ऐन आजारपणात कंपनी हात वर करते म्हणजे काय! पण २०१०मध्ये ओबामाकेअर हा आरोग्य विम्याचा कायदा आला, २०१४पासून आधीच्या आजाराचं कारण देऊन बहुतेक प्रकारचा आरोग्य विमा नाकारता येत नाही, मग फिल्ममधलं नेमकं काय जुनं झालं आणि काय अजून तसंच आहे? क्लेम नाकारणं, डिडक्टिबल (विमा कंपनी पैसे द्यायला लागण्याआधी आपण स्वतः भरायची रक्कम), नेटवर्कबाहेरचं म्हणजे विमा कंपनीशी करार नसलेलं हॉस्पिटल हे सगळं जवळून बघितलेलं कोणी असेल तर प्लीज सांगा, लोकांना अर्धवट माहिती द्यायची नाहीये.