मालवणचं सागरी अभयारण्य: मच्छीमारांचा विरोध चुकीचा आहे का?

दर्याकाठी (धागा सुरू करताना):
मालवणच्या समुद्रात १९८७ साली अभयारण्य जाहीर झालं. क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर, त्यात सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा तीनेक चौरस किलोमीटरचा गाभा. तेव्हापासून मच्छीमारांचा विरोध आहे आणि लांबून बघणारे सरळ म्हणतात, 'यांना समुद्र ओरबाडायचाय.' मला हे अजिबात पटत नाही. पर्ससीनला, म्हणजे मोठ्या बोटीवरून माशांच्या अख्ख्या थव्याला वेढणाऱ्या जाळ्याला, आळा घाला म्हणून वर्षानुवर्षं मोर्चे काढणारे हेच लोक. नवे परवाने बंद करून पर्ससीनचा हंगाम सप्टेंबर ते डिसेंबर एवढाच ठेवणारा ५ फेब्रुवारी २०१६ चा आदेश पारंपरिक मच्छीमारांच्या रेट्यामुळे निघाला. त्यांना नियम हवेत. फक्त नियमाची सुरुवात सगळ्यात लहान माणसापासून नको. रापण किनाऱ्यालगतच लागते. होडीतून अर्धगोल जाळं सोडतात आणि दोन्ही टोकांचे दोर गावची माणसं पुळणीवर उभं राहून ओढतात. हात लावणाऱ्या म्हाताऱ्यालाही वाटा मिळतो. किनाऱ्याचं पाणी बंद झालं तर इंजिनवाली बोट पुढे जाईल. रापण कुठे जाणार?

प्रवाळवेडा:
तळमळ कळते, पण मुद्दा मान्य नाही. रापणीने नुकसान होतच नाही, असं गृहीत का धरायचं? जाळं पुळणीला लागलं की त्यात बोटभर पिल्लं किती असतात ते बघा. किल्ल्याभोवती खडक आहे, प्रवाळ आहे, म्हणून पिल्लांना आसरा मिळतो. एवढंसं पाणी तरी सोडा. खडकात अडकलेली तुटकी नायलॉनची जाळी मासे मारतच राहतात, आणि ती काही सगळी पर्ससीनची नसतात. 'आधी त्याला धरा' म्हणत बसलो तर कुठलाच नियम कधी लागू होणार नाही.

गाबतवाडा:
आमका नियम नको असा कोणी सांगला? तुटक्या जाळ्यांचं तुमचं म्हणणं खरं आहे, त्यावर काम व्हायलाच हवं. पण त्याच गाभ्यात पर्यटकांना खाली उतरवणाऱ्या बोटी नांगर टाकतात. तो नांगर प्रवाळावर पडतो तेव्हा अभयारण्य आठवत नाही कोणाला. आमची होडी दिसली की आठवतं.

बंदरावरचा:
मी पर्ससीनवाला. आम्हाला राक्षस ठरवणं थांबवा. परवाना चार महिन्यांचा, बँकेचा हप्ता बारा महिने. बोटीवर पंचवीस-तीस खलाशी, त्यांचीही घरं आहेत. आम्ही जाळं सोडलं नाही म्हणून बांगडा थांबत नाही. कर्नाटकातल्या मलप्याचे हायस्पीड ट्रॉलर येऊन घेऊन जातात.

गाबतवाडा:
मलप्याच्या ट्रॉलरबद्दल तुमच्या बाजूने उभा राहीन. पण जानेवारी-फेब्रुवारीत रात्री लांबवर उजेड दिसतो तो कसला? एलईडी दिव्यांच्या उजेडाने मासे ओढून केली जाणारी मासेमारी केंद्राने नोव्हेंबर २०१७ मध्येच बंद केली आहे. गस्तीची बोट पोचेपर्यंत दिवे विझलेले असतात. दुसऱ्या दिवशी आमच्या जाळ्यात चार पेडवे.

प्रवाळवेडा:
म्हणजे दुखणं अंमलबजावणीचं आहे, अभयारण्याचं नाही. कायदा तर तुमच्याच बाजूने आहे. वन्यजीव कायद्याच्या कलम २६अ नुसार समुद्रातली हद्द ठरवताना स्थानिक मच्छीमारांच्या व्यवसायाचं हित जपावंच लागतं.

दर्याकाठी:
ते कलम १९९१ च्या दुरुस्तीत आलं. मालवणची हद्द त्याच्या चार वर्षं आधी आखली गेली. तक्रार नेमकी तिथेच आहे. त्या कलमाच्या कसोटीवर ती हद्द नव्याने तपासा, कुठे रापण लागते, कुठे गिलनेट (पाण्यात उभं सोडलेलं, मासे अडकणारं जाळं), हे गावात बसून नकाशावर मांडा, आणि हक्क लेखी द्या. मच्छीमार ऐकत नाहीत असं नाही. जाळ्यात सापडलेलं कासव किंवा देवमासा जाळं कापून सोडला तर २५ हजारांपर्यंत भरपाई, ही राज्याची योजना २०१८ च्या अखेरीस आली, आणि ठिकठिकाणचे मच्छीमार स्वतः जाळी कापून कासवं सोडतायत.

प्रवाळवेडा:
ही योजना चांगली आहे, मान्य. पण ती जाळ्यापुरती. पिल्लं वाचवायची तर काही पाणी काही काळ पूर्ण बंद ठेवावंच लागेल, लेखी हक्क दिले तरीही. जून-जुलैची बंदी पुरेशी नाही. गाभ्यात ती आणखी वाढवायला तुमचे रापणकर तयार आहेत का?

गाबतवाडा:
पर्यटकांच्या बोटी त्याच दिवसांत बंद ठेवा, बुडालेल्या वाट्याचे पैसे द्या, आणि कुठले महिने ते रापण संघांना विचारून ठरवा. मग बैठकीला मी स्वतः माणसं घेऊन येतो. कागद आधी छापून आणलात तर नाही.